वाटीतला चिंचोका

म्हाळूनाना उंदीर नाकाशी धरायचे तेव्हा डोळे मिटून घ्यायचे. फ्रीझरमधून काढून गार पाण्याच्या पातेल्यात मऊ केलेला उंदीर डाव्या तळहातावर उताणा, उजव्या हाताची दोन बोटं त्याच्या पोटावर, मान खाली आणि एक लांब श्वास. श्वास सोडला की डोळे उघडायचे आणि तीनपैकी एक शब्द यायचा. "चालंल", "न्हाई" किंवा "पुरा". पुरा म्हणजे कमरेइतका खड्डा खणून पुरा, कुत्र्याच्यासुद्धा तोंडी लागू देऊ नका. या तीन शब्दांवर आमच्या शेडमधल्या सगळ्या सापांची पोटं अवलंबून होती. सात वर्षांत त्यांचा एकही शब्द मी फिरवला नाही.

मी पाटोद्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तालुक्यात कुणाच्या घरात साप निघाला की मला फोन येतो. धडधाकट साप लगेच रानात सोडता येतो, पण काही जखमी असतात. कुणाच्या पाठीत कुदळ बसलेली असते, कुणी उसाचं पाचट पेटवल्यावर भाजून निघालेला असतो. असे साप बरे होईपर्यंत ठेवायला वनखात्याच्या परवानगीने मी आमच्या माळावर पत्र्याची एक शेड बांधली. दुखणाइतापुढे जिवंत उंदीर सोडता येत नाही, तो उलटा सापालाच कुरतडतो. म्हणून मेलेला उंदीर द्यायचा, आणि रोज ताजा कुठून आणणार, म्हणून साठवलेला. त्यासाठी एका आइस्क्रीमवाल्याचा जुना फ्रीझर घेतला. त्याच्या झाकणावर गुलाबी कोनाचं भलंमोठं चित्र होतं. उन्हाळ्यात रस्त्यावरून जाणारी माणसं चित्र बघून आत यायची आणि कुल्फी आहे का विचारायची. नाना गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "हाय की. पर जरा केसाळ हाय."

आमची पहिली भेट मात्र हसण्यासारखी नव्हती. शेड नवी होती आणि मी पुस्तकं वाचून सगळं जमवत होतो. एका गड्याकडून शेतातले पोतंभर मेलेले उंदीर घेतले होते आणि ते दारात पसरून मापाप्रमाणे लावत होतो. दोन शेळ्या घेऊन चाललेला एक उंच, वाळका म्हातारा थांबला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी. काही न विचारता खाली बसला आणि एक उंदीर उचलून त्याचा ओठ अंगठ्याने वर केला.

"ही इखाची हायती, मास्तर."

मी विचारलं, कशावरून.

"हिरड्या बगा, पांढऱ्या फट. नाकाला रगताचा ठिपका. आतल्या आत फुटलंय सगळं." मग त्यांनी दुसरा उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. "ह्येला दुसरंच घातलंय. लसणावानी वास येतोय. तुमास्नी येत न्हाई का?"

मला येत नव्हता. मी ते पोतं पुरलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वस्तीवर जाऊन त्यांना कामावर बोलावलं. त्यांनी एकच अट घातली. "मी न्हाई म्हनलं की न्हाई. मग तुमी पुस्तक दावायचं न्हाई."

नाना धनगर. मेंढरांमागे उभा बालाघाट पायाखाली घातलेला माणूस. त्यांचा कळप कसा गेला ते त्यांनी सात वर्षांत एकदाच सांगितलं. गेवराईच्या अंगाला एका बागायतदाराच्या शेतात त्यांनी मेंढरं बसवली होती. शेताला लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरीच धनगराला बोलावून घेतात. सकाळी मालक म्हणाला, पलीकडच्या तुकड्यातला पाला बिनघोर चारा, फवारून महिना होऊन गेला. नानांना पाल्याला वास आला होता. पण मालक मोठा माणूस, गावचा पुढारी, त्याला तोंडावर खोटं कसं पाडायचं. त्यांनी कळप सोडला. दुपारपर्यंत एकूण एक मेंढरू पाय झाडून आडवं झालं.

"नाकानं सांगितलं व्हतं मला," ते म्हणाले. "मी मानसाचं ऐकलं. त्या दिसापासनं ठरिवलं. मानसाचं तोंड खोटं बोलतं मास्तर, वास खोटं बोलत न्हाई."

कामाला लागल्यावर त्यांनी माझी व्यवस्था मोडून आपली लावली. कॉलेजातून आणलेल्या पांढऱ्या उंदरांची पैदास आम्ही शेडच्या मागे करत होतो, ते उंदीर चांगलेच होते. पण कमी पडले की शेतातले घ्यावे लागत. त्यावर नानांचा नियम असा, की शेतातला उंदीर जिवंतच घ्यायचा आणि मारण्याआधी चार दिवस पिंजऱ्यात ज्वारी घालून ठेवायचा. "चार दिसाचा पाव्हना," ते म्हणायचे. "इख खाल्लं असंल तर आपल्या घरी मरंल, सापाच्या पोटात न्हाई." चार दिवस नीट खाल्लं-प्यायलं की मगच तो फ्रीझरमध्ये जायचा, तोही एकेकटा, पाय ताणून सपाट ठेवलेला. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते कमरेच्या चंचीत तंबाखूसोबत काळ्या लोकरीचा धागा बाळगायचे आणि उंदराच्या शेपटीला गाठी मारायचे. महिन्याला एक गाठ. सहा गाठी झाल्या की त्यांच्या लेखी तो उंदीर संपला. मी चिकटवलेल्या तारखा बर्फात निघून जायच्या, त्यांच्या गाठी कधी सुटल्या नाहीत.

गोठलेल्या उंदराची परीक्षा त्यांनी मलाही शिकवली, म्हणजे माझ्या डोक्यात जेवढी शिरली तेवढी. केस कोरडे आणि मोकळे हवेत. पायाचे तळवे गुलाबी हवेत, तपकिरी पडले की जुना. पोटावर हिरवट छटा आली की संपलं. दोन उंदीर एकमेकांना चिकटून एकच ढेकूळ झाले असतील, तर ते मध्ये एकदा वितळून पुन्हा गोठलेत. पण डोळ्यांना दिसणारं सगळं ठीक असलं तरी शेवटचा शब्द नाकाचाच. "गोठल्याला मुडदा गप ऱ्हातो," ते म्हणायचे. "ऊब लागली की बोलतो."

आमच्याकडे खरा वैरी विजेचा. लाइट जायची, फ्रीझर वितळायचा, लाइट यायची, पुन्हा गोठायचा, आणि आपण गावाला गेलेलो असलो तर कळायचंसुद्धा नाही. मी कुठेतरी वाचलं होतं की भांड्यात पाणी गोठवून वर नाणं ठेवावं. बर्फ वितळला तर नाणं तळाला जातं आणि तिथेच गोठतं. नानांना युक्ती पटली, नाणं पटलं नाही. "पैसा कुनीबी उचलतंय. चिंचोका कोन उचलतंय?" त्यांनी स्टीलच्या वाटीत बर्फ करून त्यावर एक चिंचोका ठेवला आणि वाटी फ्रीझरच्या कोपऱ्यात बसवली. रोज सकाळी झाकण उघडून आधी तिकडे बघायचे. "वर हाय," असं स्वतःशीच म्हणायचे आणि कामाला लागायचे.

मग सून आली.

बीडमधल्या एका घरात परदेशी अजगर पाळला होता. जेमतेम चार फुटांचा, काळ्या अंगावर बदामी नक्षी, जन्मल्यापासून काचेच्या पेटीत राहिलेला. घरातल्या बाईंना फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी उंदरांचं पाकीट सापडलं आणि अजगराचं त्या घरातलं अन्नपाणी संपलं. वनखात्याने तो आमच्याकडे ठेवायला दिला. इथल्या रानात त्याला सोडता येत नव्हतं, आणि शिकार कशी करतात हे त्या जनावराला माहीतच नव्हतं. सोबत पाकिटातले गोठलेले उंदीरही आले होते, मशीनने बंद केलेले, वर नाव-तारीख छापलेले. नानांनी पाकीट उजेडात धरलं. आतल्या बाजूने बर्फाचा भुगा जमला होता.

"ह्यो भुगा कुठनं आला? वाटंत इरघळलाय ह्यो." त्यांनी एक मऊ करून नाकाशी धरला. "पुरा."

अजगर मादी होती. माणूस जवळ आला की ती अंगाचं वेटोळं करून डोकं त्यात खुपसून बसायची. नानांनी तिला बघितलं आणि म्हणाले, "ही तर परमुलखातली सून हाय. पदर घेऊन बसलीया." तेव्हापासून ती सून. तिने आमच्याकडे आल्यावर अडीच महिने काही खाल्लं नाही. मी वजन करत होतो, पुस्तकं चाळत होतो, जिल्ह्याच्या ठिकाणच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन करत होतो. नाना म्हणाले, नवी सून सासऱ्याम्होरं जेवत नसती, तुमी हिकडं पाठ करा. त्यांनी पेटीवर घोंगडी टाकली, चिमट्याने कोमट उंदीर आत धरला, आणि आम्ही दोघं पाठ फिरवून बसलो. बऱ्याच वेळाने आत धप्प आवाज झाला. नाना वळले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "जेवली," एवढंच म्हणाले. त्यानंतर दर दुसऱ्या रविवारी सून जेवायची आणि फक्त नानांच्या हातून जेवायची.

त्याच सुमारास सगळीकडे तो ताप आला. नाना वीस दिवस अंथरुणावर होते. उठले ते निम्मे होऊन उठले, पण उठले आणि कामावर आले. पूर्वीसारखे उंदीर नाकाशी धरू लागले, पूर्वीसारखे डोळे मिटू लागले. एकच गोष्ट बदलली. त्यांची बायको, ठकूमावशी, शेडवर यायला लागली.

मावशी सापाचं नाव काढलं तरी थुंकायच्या. आता त्या दर रविवारी भाकरी घेऊन यायच्या, उंदरांच्या पातेल्यापाशी फतकल मारून बसायच्या, पाण्यातून एकेक उंदीर काढून पदराने पुसायच्या आणि नानांच्या हातात द्यायच्या. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या. नाना तो नाकाशी धरायचे आणि शब्द सांगायचे. मी एकदा चिडवलं, "मावशी, शिकून घेताय का काय?" त्यांनी तोंडाला पदर लावला. नाना म्हणाले, "म्हातारपनी बायकूला नवरा ग्वाड लागतो, त्येला आपुन काय करावं?" मला ते फार आवडलं. स्टाफरूममध्ये मी ते सगळ्यांना रंगवून सांगितलं होतं.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात ऊन इतकं तापलं की पत्र्याखालचे पांढरे उंदीर दोन दिवसांत सगळे मेले. शेतातले मिळेनात, कारण लोकांनी औषध टाकून ठेवलं होतं. फ्रीझरमध्ये होते तेवढेच तीस-पस्तीस उंदीर उरले. अशात धारूरकडे ठकूमावशींचा भाऊ वारला. नाना आणि मावशी दोघं गेले. जाताना नानांनी मला फ्रीझरपाशी नेलं.

"एकच काम करा. लाइट गेली तर बर्फाची लादी आनून टाका आत. बाकी काय करू नका."

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी वाऱ्यात आमच्या लाइनची डीपी जळाली. मी कॉलेजात परीक्षेच्या कामात होतो. बर्फाची लादी पाटोद्यात मिळते, कॉलेजपासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, झाकण बंद आहे, राहील थंड, संध्याकाळी बघू. संध्याकाळी म्हटलं, उद्या लाइट येईलच. दोन दिवसांनी लाइट आली. डीपी जळाल्यापासून चौथ्या दिवशी मी झाकण उघडलं तेव्हा सगळं दगडासारखं गोठलेलं होतं, आणि चिंचोका वाटीच्या तळाशी होता.

त्या वेळी मी काय केलं ते कितीतरी महिने कुणाला सांगितलं नव्हतं. वरचे आठ-दहा उंदीर एकमेकांना चिकटून ढेकूळ झाले होते, ते मी माळावर नेऊन पुरले. खालचे सुटे होते. मी ते नाकाशी धरले, पण गोठलेला मुडदा गप्प असतो. सगळे फेकले तर सूनला द्यायला काही नव्हतं, आणि ती पुन्हा उपास धरून बसेल अशी भीती होती. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं, की नानांनी मला एकच काम सांगितलं होतं आणि ते माझ्याने झालं नव्हतं. मी वाटी गरम पाण्यात धरली, बर्फ सोडवला, नवं पाणी गोठवलं आणि तोच चिंचोका पुसून वर ठेवला. मनाशी म्हटलं, काही बिघडलं असेल तर नानांचं नाक आहेच.

नाना एकटेच परत आले, मावशी तेरावा होऊन आणखी आठ दिवस राहणार होत्या. रविवार होता, सूनच्या जेवणाचा दिवस. त्यांनी झाकण उघडलं, वाटीकडे बघितलं आणि मला विचारलं, "लाइट गेलती का?"

"गेली होती थोडा वेळ," मी म्हणालो. "चिंचोका वरच आहे ना?"

"वर हाय."

उंदीर मऊ झाला. त्यांनी तो तळहातावर घेतला, दोन बोटं पोटावर ठेवली, मान खाली घातली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असं मला वाटलं.

"चालंल," नाना म्हणाले.

मला इतकं हलकं वाटलं की मी जाऊन चहा करून आणला. मी केलेल्या चोरीवर नानांच्या नाकाने शिक्का मारला होता, आता चोरी चोरी उरली नव्हती. सून घोंगडीखाली जेवली.

तिसऱ्या दिवशी तिने तो उंदीर ओकून टाकला. पेटी उघडल्याबरोबर असा भपकारा आला की मी तोंड दाबून बाहेर पळालो. परत आलो तर नाना त्या घाणीवर वाकले होते. त्यांचा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. ते ओकलेल्या उंदराच्या पोटाचा रंग बघत होते. मी दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिलो. मला काहीतरी समजायला लागलं होतं आणि ते समजू नये असं वाटत होतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मीठ-साखरेचं पाणी नळीने घातलं. काही उपयोग झाला नाही. आठव्या दिवशी सकाळी सूनचं वेटोळं सुटलेलं होतं आणि डोकं उघड्यावर पडलं होतं. नानांनी तिला आपल्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं. आम्ही शेडमागे खड्डा खणला. खड्ड्याशी बसूनच त्यांनी सांगितलं.

"मास्तर, तापात माजा वास गेला. परत आला न्हाई."

मी म्हणालो, "मग दोन वर्षं?"

"ठकू सांगायची. तिनं उजव्या हातानं दिला की चालंल. डाव्या हातानं दिला की न्हाई. त्या ऐतवारी ती न्हवती. मी वाटी बगितली. चिंचोका वर व्हता, म्हनलं असंल चांगला."

हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. विद्यार्थ्याला उत्तर येतंय हे माहीत असलेला शिक्षक जसा थांबतो, तसे थांबले होते. मी उलट विचारलं, "नाना, आधी का नाही सांगितलंत?" हे विचारायची हिंमत मला कुठून आली, मला ठाऊक नाही.

"सांगून काय केलं असतं तुमी? घरी बसवलं असतं." ते माती लोटत म्हणाले. "मेंढरं गेली, मग नाक गेलं. मानसाला कायतरी लागतंय की, ज्याच्यासाठी चार लोक त्येला इचारतेत."

"होतं असं, नाना," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. हात धुवायला शेडमध्ये आलो तेव्हा फ्रीझरच्या झाकणावर, त्या गुलाबी कोनावर, स्टीलची वाटी पालथी घातलेली होती. ती तिथे का आहे हे मी विचारलं नाही.

नाना दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. वनखात्याला अहवाल द्यायचा होता. मी त्यात लिहिलं की अन्न तपासणाऱ्या सहायकाची वास घेण्याची शक्ती आजारात गेली होती व त्याने ती बाब लपवली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अहवालातली गोष्ट बाहेर कशी फुटली माहीत नाही, पण आठवड्याभरात बाजारात लोक म्हणायला लागले की म्हाळूने मास्तरचा अजगर मारला. लोक विसरून जातील, असं मी स्वतःला सांगितलं.

पावसाळ्यात एकदा मी त्यांच्या वस्तीवर गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, डझनभर केळी घेऊन. नाना ओट्यावर बसले होते, आणखी वाळले होते. मावशी आत चुलीपाशी होत्या. आम्ही पावसावर बोललो, त्यांच्या शेळीला झालेल्या करडांवर बोललो. त्यांनी विचारलं, सूनला पुरलंय तिथं दगड ठेवलाय का, कुत्री उकरतात. मी म्हटलं, ठेवतो.

"आनिक काय, मास्तर?"

"काही नाही, बरं चाललंय."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आनिक काय?" मी कॉलेजातल्या नव्या इमारतीचं सांगितलं. मी उठलो, चपला घातल्या, तेव्हा तिसऱ्यांदा म्हणाले, "मग, आनिक काय?" आमच्याकडे बोलणं संपत आलं की सगळेच असं विचारतात. मी म्हणालो, "आणखी काही नाही, नाना. येतो."

थंडीत छाती भरून ते गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी दहाव्याला गेलो. माणसं पांगल्यावर ठकूमावशींनी मला ओट्यावर बोलावलं. त्यांच्या हातात नानांची चंची होती. त्यांनी आतून काळ्या लोकरीच्या धाग्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि धागा सोडवला. चिंचोका होता. फुगून उकलला होता, साल सुरकुतून एका बाजूने सुटली होती. पाण्यात दिवस काढलेला चिंचोका वाळला तरी पहिल्यासारखा होत नाही. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे सुचायला हवं होतं.

"सून मेली त्या दिशी काढला त्यांनी वाटीतनं," मावशी म्हणाल्या. "मी म्हायेरावनं आले तवा माज्या म्होरं ठिवला. म्हनले, बग, वर व्हता तर फुगला कसा?"

त्यांनी चंची मांडीवर ठेवली.

"मी म्हनलं, जावा, इचारा मास्तरला. गावभर तुमचं नाव करतेत लोक. तर म्हनले, इचारायचं कावून? मी माजं सांगितलंय, ते त्यांचं सांगतील. शिकल्याली मानसं हायती, जरा टाइम लागतो त्यास्नी." मावशींनी चिंचोका मुठीत धरला. "तुमी पावसुळ्यात आलते तवा मी चुलीम्होरं व्हते. तीनदा इचारलं त्यांनी तुमाला."

"मावशी," मी म्हणालो, "लाइट दोन दिवस गेली होती. चिंचोका बुडाला होता. नवं पाणी गोठवून मी तो वर ठेवला."

हे मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारत होतो. मला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही.

"मला म्हाईत हाय की," मावशी म्हणाल्या. "त्यांस्नीबी म्हाईत व्हतं. त्यांस्नी सांगायचं व्हतं तुमी."

मी हात पुढे केला. त्यांनी मूठ उघडली, चिंचोक्याकडे बघितलं आणि तो या हातातून त्या हातात घेतला. मग माझ्या तळहातावर ठेवला, डाव्या हाताने.